आपले प्रश्न : बर्फाच्या मुलखातील गवतशेती

अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यात शॅम्प्लेन सरोवराच्या पूर्वेला सखल चिकणमातीचा पट्टा आहे. तेथील अ‍ॅडिसन काउंटीत मी गेली 24 वर्षे 32 एकरांवर गवत पिकवतो, वाळवतो आणि विकतो. नोकरी सांभाळून किंवा नोकरीतून मोकळे झाल्यावर या भागात जमीन घेणाऱ्या मराठी कुटुंबांची पत्रे अलीकडे संपादकांकडे येऊ लागली आणि त्यांनी ती माझ्याकडे सोपवली. त्यांतील सात प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. पत्रांचा मजकूर थोडक्यात दिला असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे गाळली आहेत.

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही 28 एकर गवताळ रान, एक जुने लाकडी कोठार आणि त्यासोबत आलेली यंत्रे विकत घेतली. रानात टिमोथी आणि ऑर्चर्ड ही चाऱ्याची गवते आणि थोडा लाल क्लोव्हर हा शेंगवर्गीय चारा आहे. पहिली कापणी केव्हा करावी, आणि गवत गठ्ठे बांधण्याइतके वाळले हे कसे ओळखावे? शेजारी म्हणतात, "हाताला कळते." आमच्या हाताला अजून काही कळत नाही.

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे खरे आहे, परंतु हाताला कळू लागायला दोन-तीन हंगाम जावे लागतात; तोपर्यंत मोजमापाचा आधार घ्यावा. प्रथम हिशेब समजून घ्या. उभ्या गवतात वजनाच्या सुमारे 80 टक्के पाणी असते आणि लहान चौकोनी गठ्ठा बांधताना ते 18 टक्क्यांच्या आसपास उतरलेले असावे लागते. म्हणजे एक टन वाळलेले गवत कोठारात येते तेव्हा रानावरून तीन टनांहून अधिक पाणी उडून गेलेले असते, आणि हे सारे काम ऊन व वारा यांनी तीन-चार दिवसांत उरकायचे असते. जूनमध्ये इथे सलग चार कोरडे दिवस मिळणे ही मोठी गोष्ट आहे, म्हणून हवामानाचा अंदाज दिवसातून दोनदा पाहण्याची सवय आतापासूनच लावून घ्या.

कापणीची वेळ कॅलेंडरवरून ठरवू नका, गवतावरून ठरवा. आपल्याकडे ज्वारी पोटरीत येते तशीच टिमोथीही पोटरीत येते. वरच्या पानाचे आवरण बोटांनी दाबले की आतल्या कणसाचा फुगीरपणा जाणवतो. तिथपासून रान निसवू लागेपर्यंतचे आठ-दहा दिवस पहिल्या कापणीचे. आमच्या खोऱ्यात ऑर्चर्ड गवत मेअखेरीस या टप्प्याला येते आणि टिमोथी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. डोंगराळ भागात हेच आठवडा-दोन आठवडे मागे सरकते. फुलोरा येऊन गेला की वजन वाढते, पण काड्या ताठ आणि निकस होतात आणि जनावर त्या गव्हाणीत मागे टाकते. तरीही माझे मत स्पष्ट सांगतो : वेळेवर कापून पावसात भिजलेल्या गवतापेक्षा दहा दिवस उशिरा कापलेले, पण कोरडे आणि हिरवट उतरलेले गवत केव्हाही बरे. शेजारच्या दुग्धव्यावसायिकांशी बरोबरी करू नका. ते लवकर कापतात आणि ओलसर असतानाच मुरघास करतात, त्यामुळे त्यांना चार दिवसांचे ऊन लागतच नाही.

सगळे रान एकदम कापण्याचा मोहही टाळावा. पहिल्या कापणीला एकरी दीड टन धरले तरी 20 किलोचे 75 गठ्ठे होतात, म्हणजे पाच एकरांचे पावणेचारशे. तीन माणसे एका दुपारी साधारण तेवढेच उचलून कोठारात रचू शकतात, आणि जेवढे एका दुपारी आत जाईल तेवढेच एका सकाळी कापावे, हा नियम मी कधी मोडत नाही.

दव उडाल्यावर सकाळी कापा आणि कापलेले गवत अरुंद ओळीत न सोडता, यंत्रामागचे पत्रे उघडून, जमेल तेवढे रुंद पसरू द्या. पहिल्या काही तासांतले ऊन सर्वांत मोलाचे असते. दुसऱ्या दिवशी सकाळी, दवाचा ओलसरपणा किंचित शिल्लक असताना, टेडर म्हणजे गवत उधळून उलटवणारे यंत्र फिरवा. कडक उन्हात फिरवले तर क्लोव्हरच्या पानांचा चुरा होऊन ती जमिनीवरच राहतात, आणि सत्त्व तर त्या पानांतच असते. रेक म्हणजे यांत्रिक दंताळ्याने ओळी ओढण्याचे काम गवत निम्म्याहून अधिक वाळल्यावर करावे आणि बेलर, म्हणजे गठ्ठे बांधणारे यंत्र, मात्र दुपारी, हवा कोरडी झाल्यावरच रानात न्यावा.

आता हाताच्या परीक्षेविषयी. ओळीच्या वरून न घेता तळातून एक मूठ काढा. पाने कुरकुरतात, पिळल्यावर काही काड्या तडकतात, एवढ्यावर बहुतेक जण समाधान मानतात. आपण पुढे जाऊन एक जाड काडी निवडा आणि तिच्या पेरावर अंगठ्याचे नख चालवा, कारण पेर सर्वांत शेवटी वाळते. नखाखाली साल सुटून आली किंवा ओलसर हिरवी रेघ उमटली तर गवत अजून तयार नाही, मग पाने कितीही वाजोत. शंका उरली तर स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह कामी येतो. बारीक कापलेले 100 ग्रॅम गवत ताटलीत घ्या, शेजारी पेलाभर पाणी ठेवा, दोन मिनिटे तापवा, वजन करा. मग अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने तापवत राहा आणि वजन उतरायचे थांबेपर्यंत मोजत राहा. जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढे टक्के पाणी होते. पहिल्या हंगामात प्रत्येक वेळी आधी नखाने पाहा, अंदाज वहीत लिहा आणि मग मायक्रोवेव्हने तपासा. हात त्यातूनच तयार होतो.

प्रश्न : माझे वडील दर उन्हाळ्यात साताऱ्याहून येतात. कोठारात जागा कमी पडली तर बाहेर गंजी रचून वरून ताडपत्री घालावी, असे ते म्हणतात. गावी आमची कडब्याची गंजी वर्षभर उघड्यावर राहते. इथे ते चालेल का?

उत्तर : वडिलांचा अनुभव खरा आहे, फक्त तो दुसऱ्या आभाळाखालचा आहे. रब्बी ज्वारीचा कडबा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, त्यानंतरचे तीन महिने वळवाच्या सरी सोडल्या तर कोरडेच जातात, आणि पेंढ्यांत बांधलेल्या जाड ताटांमधून वारा खेळत राहतो. इथे पाऊस कोणत्याही एका ऋतूत येत नाही, तो बाराही महिने थोडाथोडा पडतो, हिवाळ्यात त्याचेच बर्फ होते आणि मार्च-एप्रिलमध्ये ते बर्फ वितळून जमीन आठवडेच्या आठवडे चिखलात राहते. बारीक गवताचा दाबून बांधलेला चौकोनी गठ्ठा खालून आणि वरून ओल शोषतो आणि आतली वाफ बाहेर टाकू शकत नाही. चौकोनी गठ्ठे उघड्यावर ठेवू नयेत.

जागा नसेलच तर जादा गवताचे गोल गठ्ठे करून घ्यावेत, पण त्याचाही हिशेब मनात ठेवावा. पाच फूट व्यासाच्या गोल गठ्ठ्यात बाहेरच्या सहा इंचांच्या थरात एकूण गवतापैकी 36 टक्के गवत असते. म्हणजे वरवर पाहता केवळ साल कुजल्यासारखे वाटते तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक माल गेलेला असतो. लाकडी पॅलेट किंवा खडीचा थर खाली, ताडपत्री वर, आणि ओळी उताराच्या दिशेने, एवढे केले तर नुकसान बरेच आवरते. ऊन मिळालेच नाही तर 50 टक्क्यांच्या आसपास ओलावा असतानाच गोल गठ्ठे बांधून चोवीस तासांच्या आत प्लॅस्टिकच्या सहा थरांत गुंडाळून घ्यावेत; तो मुरघासच होतो आणि वडिलांना तो वास ओळखीचा वाटेल. मात्र असा मुरघास घोड्यांना देणाऱ्यांना विकताना सावध राहावे, कारण प्लॅस्टिक फाटून बिघडलेल्या गठ्ठ्यातील बोट्युलिझमचे विष घोड्याचा जीव घेऊ शकते.

प्रश्न : दोन आठवड्यांपूर्वी भरलेल्या कोठारात शिरल्यावर गोडसर, करपलेल्या साखरेसारखा वास येतो. गठ्ठ्यांमध्ये हात घातला तर गरम लागते. हे गवत आपोआप पेटते, असे ऐकले आहे. ते खरे आहे का, आणि आम्ही काय करावे?

उत्तर : या पत्राला मी मासिकाची वाट न पाहता त्याच दिवशी दूरध्वनीवरून उत्तर दिले. इतरांसाठी ते येथे सविस्तर देतो, कारण माझ्या मते गवतशेतीत याहून महत्त्वाचा विषय नाही.

होय, ओलसर बांधलेले गवत आतून पेटते. कापलेल्या गवताच्या पेशी काही काळ श्वास घेत राहतात, त्यात उष्णता निर्माण होते. ओलावा 20 टक्क्यांहून अधिक राहिला असेल तर बुरशी आणि जिवाणू ते काम पुढे नेतात. उष्णता साधारण 70 अंश सेल्सिअसला पोहोचली की जिवाणू मरतात, पण तोवर गवतात रासायनिक क्रिया सुरू झालेली असते आणि ती स्वतःच्याच उष्णतेवर वाढत जाते. मधल्या गठ्ठ्यांची ऊब बाहेर पडायला वाट नसते. धोका गवत भरल्यापासून पहिल्या सहा आठवड्यांत सर्वाधिक असतो.

2009 चा उन्हाळा या भागात फार पावसाळी गेला. जुलैत तीन दिवस उघडीप मिळाली, चौथ्या दिवशी दुपारी पश्चिमेला आभाळ भरून आले आणि मी पेराला नख न लावता शेवटचे तीनशे गठ्ठे घाईघाईने बांधून आत रचले. अकराव्या दिवशी सकाळी कोठाराचे दार उघडले तेव्हा आपण लिहिता तसाच गोड वास आला. पत्नी म्हणाली, "कोणी गूळ करायला ठेवलाय का?" लांब तापमापक गंजीत घातला, तो 68 अंशांवर थांबला. अग्निशमन दलाला बोलावले, पाण्याचे नळ तयार ठेवून त्यांच्या देखरेखीखाली एकेक गठ्ठा बाहेर काढला. मधल्या गठ्ठ्यांची सुतळी हातात तुटत होती आणि आतले गवत तंबाखूसारखे तपकिरी झाले होते. कोठार वाचले, पण त्या दुपारचे आभाळ पाहून केलेली घाई मी विसरलेलो नाही.

तापमापकाची दांडी किमान दोन मीटरची असावी. इथले तापमापक फॅरनहाइटमध्ये असतात म्हणून दोन्ही आकडे देतो. 52 अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे 125 फॅरनहाइटपर्यंत, फारशी चिंता नसते. रोज पाहत राहावे. 65 अंशांना, म्हणजे 150 फॅरनहाइटला, धोक्याच्या उंबरठ्यावर आलो असे समजून दिवसातून दोनदा मोजावे आणि गंजीत हवा खेळेल अशी सोय करावी. 70 अंशांच्या पुढे दर दोन-तीन तासांनी. 80 अंशांना, म्हणजे 175 फॅरनहाइटला, स्वतः एकही गठ्ठा हलवू नका. अग्निशमन दलाला बोलवा. आत विझल्यासारखा धुमसणारा भाग असतो, त्याला मोकळी हवा मिळाली की क्षणात भडका उडतो. तापलेल्या गंजीवर चढून चालू नये, कारण खाली जळून पोकळी झालेली असू शकते आणि माणूस आत कोसळतो. मोजण्यासाठी वर जावेच लागले तर फळ्या टाकून, कमरेला दोर बांधून आणि दोराचे दुसरे टोक दुसऱ्या माणसाच्या हाती देऊनच जावे.

आपल्याकडे तापमान 61 अंशांवरून हळूहळू उतरू लागले आहे असे परवा कळले. तरीही सहा आठवडे पूर्ण होईपर्यंत मोजणे थांबवू नका, आणि ते गवत घोड्यांसाठी विकू नका. त्यातली बुरशीची धूळ घोड्याच्या फुप्फुसांना बाधते.

प्रश्न : 28 एकर जमिनीसोबत 45 अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर, कापणीयंत्र, रेक आणि चौकोनी गठ्ठ्यांचा बेलर मिळाला. पहिल्या हिवाळ्यानंतर मेमध्ये काहीच धड चालेना : बेलर गाठी सोडतो, कापणीयंत्राच्या आतील दाते तुटले, आणि जानेवारीत ट्रॅक्टर बंदच पडला होता. नवी यंत्रे घ्यावीत का?

उत्तर : 28 एकरांसाठी नव्या यंत्रांचे कर्ज काढू नका. चौकोनी गठ्ठ्यांच्या बेलरला 45 अश्वशक्ती पुरेशी आहे, आणि जुन्या बेलरची रचना अशी असते की पाने-पकड आणि चिकाटी असलेला माणूस तो स्वतः दुरुस्त करू शकतो. आपण लिहिलेल्या तिन्ही बिघाडांचे मूळ मेमध्ये नाही, मागच्या ऑक्टोबरमध्ये आहे. थंड मुलखात यंत्रे कामाने जेवढी झिजतात त्याहून अधिक उभ्या उभ्या खराब होतात.

बेलरपासून सुरुवात करू. हंगामाच्या शेवटी बहुतेक जण शेवटचा गठ्ठा यंत्राच्या पोटातच ठेवून ते छपराखाली ढकलतात. त्या गवताला ओल सुटते, पत्रा गंजतो आणि उंदीर घर करतात. गठ्ठा काढा, कानाकोपऱ्यातील भुसा झाडून आणि हवेच्या झोताने साफ करा, प्रत्येक ग्रीस निपलमध्ये जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरा, साखळ्यांना तेल द्या. मग गाठी मारणाऱ्या भागाकडे, म्हणजे नॉटरकडे, वेळ काढून बसा. त्यात पक्ष्याच्या चोचीसारखा एक लहान लोखंडी तुकडा असतो, त्याला बिलहुक म्हणतात. दोन सुतळ्या त्याच्या मानेवर येतात, तो एक गिरकी घेतो, चोच उघडून सुतळीची टोके पकडतो आणि गाठ त्याच्यावरून सरकून खाली उतरते. ही चोच आरशासारखी गुळगुळीत असली तरच गाठ सरकते. हिवाळ्यात तिच्यावर गंजाचा पातळ थर आला की गाठ तिथेच अडकते आणि पुढचा गठ्ठा सुतळी तोडतो. आपला बेलर गाठी सोडतो त्याचे कारण बहुधा एवढेच असावे. बारीक पॉलिश कागदाने चोच घासा, ट्रॅक्टर बंद ठेवून फ्लायव्हील, म्हणजे बेलरचे जड चाक, हाताने एक पूर्ण फेरी फिरवा आणि गाठ कुठे थांबते ते डोळ्यांनी पाहा. या ऑक्टोबरात तिला तेलाचा हात फिरवून ठेवा.

कापणीयंत्राचे दाते तुटले याचे कारण मला वेगळे दिसते. ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद यंत्रात नेणारी फिरती दांडी म्हणजे पीटीओ शाफ्ट; तिच्यावर एक स्लिप क्लच असतो. यंत्र दगडाला अडले की त्याच्या चकत्या घसरतात आणि आतले दाते वाचतात. ओलसर हिवाळ्यात या चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात. मग क्लच दिसायला जागेवर असतो पण घसरत नाही, आणि पहिल्याच दगडाला गिअर जातो. दर वसंतात क्लचवरच्या स्प्रिंगची लांबी मोजून लिहून ठेवा, बोल्ट ढिले करा, दोन-तीन सेकंद क्लच घसरू द्या आणि मोजलेल्या लांबीपर्यंत पुन्हा आवळा. बेलरच्या फ्लायव्हीलवरील शिअर बोल्टचेही तेच तत्त्व आहे. तो तुटण्यासाठीच बसवलेला असतो. सारखा तुटतो म्हणून तिथे अधिक कडक बोल्ट घालणे म्हणजे दहा रुपयांची वस्तू वाचवून दहा हजारांची मोडणे. पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचेच डझनभर बोल्ट खोक्यात ठेवा.

आता ट्रॅक्टर. ऑगस्टमध्ये भरून ठेवलेले डिझेल उन्हाळी असते. शून्याखाली 10 अंशांच्या आसपास, कधी त्याआधीच, त्यातील मेण गोठून फिल्टर बंद करते, आणि आमच्या इथे शून्याखाली 25 अंशांच्या रात्री दर वर्षी येतात. नोव्हेंबरपूर्वी टाकी रिकामी करत आणून हिवाळी मिश्रण भरा आणि ते पंपापर्यंत पोहोचेल एवढा वेळ ट्रॅक्टर चालवा; गोठू न देणारे रसायन वापरायचे असेल तर ते डिझेल पातळ असतानाच मिसळावे लागते, गोठल्यावर त्याचा उपयोग नाही. रेडिएटरमध्ये अँटिफ्रीझ आणि पाणी निम्मेनिम्मे असेल तर शून्याखाली 37 अंशांपर्यंत काळजी नाही. बॅटरीची ताकद शून्याखाली 18 अंशांना जवळजवळ निम्मी होते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिनला दुप्पट जोर लागतो, म्हणून सेल्फ मारत राहण्याऐवजी इंजिन गरम करणारा विजेचा ब्लॉक हीटर दोन-तीन तास आधी लावावा. उतरलेली बॅटरी शून्याखाली 7 अंशांच्या सुमारास गोठते. गोठलेल्या बॅटरीला जम्पर लावू नका, ती फुटू शकते. इंजिनमध्ये ग्लो प्लग, म्हणजे थंडीत आतली हवा तापवणारे प्लग, असतील तर ईथरचा फवाराही मारू नका. तापलेल्या प्लगवर तो वेळेआधीच पेटतो आणि इंजिन फोडतो. ट्रॅक्टर चालू झाला की हायड्रॉलिक तेल ऊब धरेपर्यंत लोडर उचलू नये, एवढे सांगून हा विषय थांबवतो.

प्रश्न : आमची 9 आणि 12 वर्षांची मुले गवताच्या दिवसांत मदत करायला उत्सुक असतात. त्यांना कोणती कामे द्यावीत?

उत्तर : सुतळीचे गोळे आणून देणे, पाणी पोहोचवणे, कोठारात रचलेले गठ्ठे मोजून वहीत मांडणे, ओलाव्याचे आकडे टिपणे ही कामे त्यांना द्यावीत. चालू यंत्राजवळचे एकही काम देऊ नये. पीटीओ शाफ्ट मिनिटाला 540 फेऱ्या, म्हणजे सेकंदाला नऊ फेऱ्या घेतो. शर्टाची बाही किंवा ओढणीचे टोक त्यात सापडले तर एका सेकंदात दोन मीटर कापड गुंडाळले जाते. हात मागे घ्यायला तेवढा वेळ माणसाजवळ नसतो. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण तुटलेले असेल तर ते बदलेपर्यंत ट्रॅक्टर जोडू नका. बेलरमध्ये गवत अडकले तर पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, फ्लायव्हील पूर्ण थांबले याची खात्री, आणि मगच हात. मोठी माणसे हे पाळताना मुलांना रोज दिसले पाहिजे.

प्रश्न : दर वसंतात रानात नवे दगड वर येतात, गेल्या वर्षी वेचले तरी यंदा पुन्हा तेवढेच. शिवाय गवत वर्षागणिक विरळ होत चालले आहे. याचा एकमेकांशी संबंध आहे का?

उत्तर : दोन्हींची कारणे वेगळी आहेत. दगड हिमामुळे वर येतात. थंडी जमिनीत उतरते तेव्हा ती दगडामधून मातीपेक्षा लवकर खाली पोहोचते, दगडाखालचे पाणी गोठून फुगते आणि दगड थोडा उचलला जातो. बर्फ वितळताना कडेची माती खालच्या पोकळीत शिरते आणि दगडाला परत खाली बसायला जागा उरत नाही. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य भागातील, जवळजवळ प्रत्येक जुन्या शेताच्या बांधावर दगडी भिंती दिसतात त्या अशाच पिढ्यान्‌पिढ्या वेचलेल्या दगडांच्या आहेत. उपाय एकच : एप्रिलअखेर, जमिनीला वाफसा आल्यावर पण गवत घोट्याएवढे असतानाच, सारे रान पायी फिरून दगड वेचणे. वाफसा येण्याआधी चिकणमातीत ट्रॅक्टर घालू नये. चाकांच्या चाकोऱ्या पुढची अनेक वर्षे बेलरला हादरे देतात.

गवत विरळ होण्याचे कारण बहुधा भूक. गवत विकतो तेव्हा आपण माती विकत असतो. टनामागे सुमारे 20 ते 25 किलो पोटॅश रानाबाहेर जाते. 28 एकरांच्या रानातून दोन कापण्यांचे 70 टन निघाले तर वर्षाला दीड टन पोटॅश गेले. व्हरमाँट विद्यापीठाच्या विस्तार सेवेकडे मातीचा नमुना पाठवा आणि त्यांच्या शिफारशीनुसार आधी चुना, मग पोटॅश द्या. शेजारच्या गोठ्यातील शेणखत मिळाले तर उत्तमच, मात्र या राज्यात 15 डिसेंबर ते 1 एप्रिल या काळात शेणखत पसरायला बंदी आहे. दुसरे कारण फार खाली कापणे हे असू शकते. टिमोथी आपला साठा काडीच्या बुडाशी असलेल्या लहान कांद्यासारख्या गाठीत ठेवते. तीन-चार इंचांपेक्षा खाली पाते लावले की ती गाठच दुखावते.

विरळ जागी क्लोव्हर आणण्याची एक स्वस्त युक्ती थंड मुलखालाच साधते. मार्चमध्ये सकाळी जमीन गोठून तिला मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या भेगा पडलेल्या असतात आणि दुपारी ती मऊ होते, अशा दिवसांत एकरी तीन-चार किलो लाल क्लोव्हरचे बी नुसते हाताने फेकावे. रोजच्या गोठण्या-वितळण्याने माती ते बी आपोआप पोटात घेते. मला वर्षभरातील कामांत हे काम सर्वांत आवडते : सकाळी सहाची वेळ, पायाखाली कडक रान, खांद्याला पिशवी आणि कोणत्याही इंजिनाचा आवाज नाही.

प्रश्न : आमच्या रानात मेमध्ये काळे, पाठीवर पांढरे आणि मानेमागे पिवळसर ठिपका असलेले पक्षी गात उडतात. शेजारी म्हणाले की कापणीत त्यांची घरटी जातात. गवतही हवे आणि पक्षीही मरू नयेत, असा काही मार्ग आहे का?

उत्तर : आपण पाहिलेला तो बोबोलिंकचा नर. त्याची मादी तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांची असते आणि उभ्या गवतात जमिनीवर घरटे करते. हा पक्षी हिवाळा दक्षिण अमेरिकेत, पार अर्जेंटिनापर्यंत काढतो आणि मेमध्ये इथल्या गवताच्या रानांत परततो. जूनच्या मध्यावरची कापणी नेमकी पिल्ले घरट्यात असताना येते, आणि यंत्राखालून क्वचितच एखादे घरटे वाचते.

मार्ग दोन आहेत. पहिला, एखादा तुकडा मेअखेरीपूर्वी कापावा आणि नंतर 65 दिवस त्याला हात लावू नये. पक्षी पुन्हा घरटी करतात आणि पिल्ले उडेपर्यंत त्यांना पुरेसा वेळ मिळतो. हे आपल्याकडच्या चिकणमातीत आणि मेमधल्या पावसात अवघड आहे. दुसरा मार्ग मी स्वतः पाळतो. रानाचा सर्वांत ओलसर, उशिरा वाफसा येणारा, मधोमध असलेला सात एकरांचा तुकडा मी जुलैच्या मध्यापर्यंत कापत नाही. ते गवत जाड उतरते, पण जुलैत ऊन भरवशाचे असल्याने न भिजता कोरडे मिळते, आणि लवकर अंगावर चरबी धरणाऱ्या घोड्यांचे मालक असेच कमी सत्त्वाचे गवत मुद्दाम मागतात. उशिरा कापणाऱ्या शेतकऱ्यांना भरपाई देणारा बोबोलिंक प्रकल्प या भागात चालतो. त्याच्या अटी पाहून घ्या. यंदा कोणता तुकडा राखायचा हे ठरवण्यासाठी मेच्या अखेरीस सकाळी तासभर बांधावर उभे राहा आणि माद्या पुन्हा पुन्हा कुठे उतरतात ते पाहा. तिथे चार खुंट्या ठोका आणि बाकीचे रान कापा.